रोजचे शंभर किलोमीटर आणि नवी गाडी : घरातलं व्यवहारगणित



आपण मुलांना शाब्दिक उदाहरणं सोडवायला देतो. 'एक गाडी २ लीटर पेट्रोलमध्ये ३६ किमी जाते, तर ५ लीटरमध्ये किती किमी जाईल?' मुलं एकमान पद्धतीने पटापट उत्तर काढतात. पण हेच उदाहरण आपल्या घरात खरंखुरं येतं तेव्हा आपण मोठी माणसं वही-पेन बाजूला ठेवतो आणि शेजारच्याने कोणती गाडी घेतली ते बघतो. मीही तेच करणार होते. म्हणून आजचा पाठ मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

आम्ही शिनोलीला राहतो. माझे मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. शिनोलीवरून घोडेगाव, मंचर, मग पुणे-नाशिक महामार्गाने राजगुरुनगर आणि चाकण. एका बाजूने साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे रोजचे शंभर. गाडी २०११ सालची, डिझेलची. गेल्या डिसेंबरमध्ये दुसरी पाळी संपवून येताना त्यांच्या पुढे उसाने भरलेली ट्रॉली होती. मागे दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर नाही. दिसली तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, गाडी घसरत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. हे मला त्यांनी रात्री सांगितलं नाही, सकाळी चहा पिताना सांगितलं. आमच्या गाडीत एबीएस नव्हतं, एअरबॅग नव्हती. त्या दिवशी गाडी बदलायचं ठरलं.

ठरवणं सोपं होतं, निवडणं अवघड होतं. चार महिने आम्ही जे शोधलं, मोजलं आणि जिथे चुकलो, ते क्रमाने मांडते. तुमच्यापैकी कितीतरी जण रोज लांबच्या शाळेत जाता. कोणी जुन्नरहून डोंगरातल्या वाडीवर, कोणी मंचरहून डिंभ्याच्या पुढे. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत मात्र हीच वापरता येईल.

पायरी १ : उदाहरण नीट वाचा

मुलांना आपण सांगतो, आधी 'काय दिलं आहे' ते लिहा, मग 'काय विचारलं आहे' ते लिहा. इथेही तसंच करायचं. कागदावर या गोष्टी लिहा.

- रोजचं अंतर किती? (अंदाजाने नको. आठवडाभर गाडीचा आकडा लिहून ठेवा.)
- महिन्यातून किती दिवस जाता?
- त्यातला मोकळा रस्ता किती, कोंडीचा किती, घाटाचा किती?
- गाडीत रोज किती माणसं असतात?
- रात्रीचा प्रवास किती?
- गाडी किती वर्षं ठेवायची आहे?

आमचं उत्तर असं आलं : रोज १०० किमी, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २,५०० किमी आणि वर्षाला ३०,००० किमी. मंचरपर्यंत साधा दुपदरी रस्ता, पुढे महामार्ग, चाकणजवळ कोंडी. गाडीत बहुतेक वेळा एकच माणूस. महिन्यातून निम्म्या रात्री उशिरा परत.

हा कागद लिहिल्यावर एक गंमत झाली. आम्ही सात सीटची मोठी गाडी बघत होतो, का, तर दिवाळीला आणि भीमाशंकरला सगळे एकत्र जाता येईल म्हणून. म्हणजे वर्षातल्या पाच दिवसांसाठी तीनशे दिवस मोठ्या गाडीचं इंधन जाळायचं! पाच दिवस भाड्याची गाडी केलेली परवडते.

आणखी एक प्रश्न याच पायरीवर विचारा : गाडी खरंच हवी का? कंपनीची बस मंचरहून मिळत असेल, तर मंचरपर्यंत दुचाकी आणि पुढे बस हा सर्वात स्वस्त आणि बऱ्याचदा सर्वात सुरक्षित मार्ग आहे. शिक्षिका भगिनींना तर मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. आमच्याकडे रात्रीच्या पाळीनंतर मंचरहून शिनोलीला यायची सोय जमेना, म्हणून गाडी. तुमचं जमत असेल तर पुढचा लेख वाचायची गरजच नाही!

पायरी २ : दुरुस्ती की बदली?

मेकॅनिकने जुन्या गाडीची यादी दिली : क्लच, सस्पेन्शन, इंजेक्टर, चार टायर. खर्च ६५,००० रुपये. गाडीची बाजारातली किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पुष्कळ लोक इथे म्हणतात, 'निम्म्या किमतीची दुरुस्ती कशाला?' पण ही तुलना अपुरी आहे. खरा प्रश्न असा की ६५,००० रुपयांत गाडी आणखी किती महिने बिनघोर चालेल? दोन वर्षं चालणार असेल तर महिन्याला २,७०० रुपये पडले. कोणत्याही नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा ते कितीतरी कमी आहेत.

मग आम्ही दुरुस्ती का केली नाही? दोन कारणं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे नूतनीकरण करायचं तर तपासणी, शुल्क आणि हरित कर हे सगळं आलं. आमची १५ वर्षं संपत आली होती. आणि दुसरं म्हणजे ६५,००० खर्च करूनही त्या गाडीत एबीएस आणि एअरबॅग येणार नव्हत्या. दिवसातून दहा किलोमीटर चालवणाऱ्याने ती गाडी दुरुस्त केली असती तर मी त्याला शहाणाच म्हटलं असतं.

पायरी ३ : कोणतं इंधन?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश जाऊ.

पहिली चूक एककाची. पेट्रोल, डिझेल लीटरमध्ये, सीएनजी किलोमध्ये आणि वीज युनिटमध्ये मोजतात. 'ही गाडी २५ देते आणि ती १८ देते' असं म्हणताना २५ कशात आणि १८ कशात? मीटर आणि किलोग्रॅमची बेरीज करणाऱ्या मुलाला आपण लाल गोळा देतो. इथे सगळं एकाच एककात आणायचं : दर किलोमीटरला किती रुपये.

सूत्र सोपं आहे. इंधनाचा भाव भागिले मायलेज.

खाली मी सोयीसाठी काही भाव धरले आहेत. तुम्ही तुमच्या पंपावरचे आणि बिलावरचे भाव घाला. मायलेजही जाहिरातीतलं नाही, रस्त्यावर मिळू शकेल असं धरलं आहे.

- पेट्रोल : १०४ रुपये लीटर, १८ किमी. दर किमी ५.७८ रुपये. वर्षाला ३०,००० किमीचे सुमारे १,७३,३०० रुपये.
- डिझेल : ९१ रुपये लीटर, २० किमी. दर किमी ४.५५ रुपये. वर्षाला १,३६,५०० रुपये.
- सीएनजी : ९३ रुपये किलो, २५ किमी. दर किमी ३.७२ रुपये. वर्षाला १,११,६०० रुपये.
- वीज : १० रुपये युनिट, ७ किमी. दर किमी १.४३ रुपये. वर्षाला सुमारे ४२,९०० रुपये.

हे बघून कोणीही म्हणेल, विजेची गाडी घ्या, विषय संपला. आम्हीही तेच म्हणालो. पण उदाहरण इथे संपत नाही.

सीएनजीचा हिशेब : त्याच मॉडेलची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा महाग असते. फरक ९५,००० रुपये धरू. पेट्रोलच्या तुलनेत आमची वर्षाची बचत सुमारे ६१,७०० रुपये. ९५,००० भागिले ६१,७०० म्हणजे साधारण दीड वर्ष. दीड वर्षात जास्तीचे पैसे वसूल, पुढची सगळी बचत. आता माझ्या एका मैत्रिणीचं बघा. तिची शाळा घरापासून दहा किलोमीटरवर आहे, वर्षाला ६,००० किमी होतात. तिची बचत वर्षाला सुमारे १२,३०० रुपये. वसुलीला पावणेआठ वर्षं लागतील. तिच्यासाठी साधी पेट्रोल गाडीच बरी. गाडी तीच, भाव तोच, फक्त अंतर बदललं आणि उत्तर उलटं झालं. म्हणून 'कोणती गाडी चांगली' या प्रश्नाला अंतर सांगितल्याशिवाय उत्तर नसतं.

सीएनजीचा तोटाही मोजा. छोट्या गाडीच्या सिलिंडरमध्ये साधारण ८ किलो वापरता येण्याजोगा गॅस धरला तर २०० किमी होतात. म्हणजे आम्हाला दर दोन दिवसांनी पंपावर जावं लागणार. वर्षातून १५० वेळा. दर वेळी रांगेत २० मिनिटं गेली तर ३,००० मिनिटं, म्हणजे ५० तास. ही किंमत पैशात दिसत नाही, पण आहे. आमच्या रस्त्यावर राजगुरुनगर-चाकण पट्ट्यात पंप आहेत आणि दुसऱ्या पाळीनंतर रात्री रांग कमी असते, म्हणून आम्हाला चाललं. ज्यांच्या वाटेवर पंपच नाही, त्यांनी केवळ वहीतली बचत बघून सीएनजी घेऊ नये. शिवाय चढावर ताकद थोडी कमी वाटते, डिकीची जागा जाते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. डिकी हवी असेल तर एका मोठ्या सिलिंडरऐवजी तळाशी दोन लहान सिलिंडर बसवलेल्या गाड्या बघा. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये ही रचना आणली. आणि बाहेरून किट बसवणार असाल तर त्याची नोंद आरसी बुकावर आणि विम्यात झालीच पाहिजे. नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी अडचण येते.

विजेच्या गाडीचा हिशेब : इथे मी स्वतः चुकले. महिन्याच्या बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी दर काढला आणि तो १० रुपये धरला. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त. गाडी महिन्याला २,५०० किमी चालली तर ७ ने भागून सुमारे ३५७ युनिट लागतात. आमच्या घराचा वापर शंभरच्या आसपास आहे. म्हणजे गाडीचं जवळजवळ प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यांत मोजलं जाणार. सरासरी दर इथे चालत नाही, वाढीव युनिटचा दर घ्यावा लागतो.

तो १५ रुपये धरला तर वर्षाचा खर्च सुमारे ६४,३०० रुपये होतो. सीएनजीच्या तुलनेत बचत ४७,३०० रुपये. दोन्ही गाड्यांच्या किमतीत साडेतीन लाखांचा फरक धरला तर वसुलीला सुमारे ७.४ वर्षं लागतात. आधीच्या १० रुपयांच्या हिशेबात तीच पाच वर्षं दिसत होती! एका चुकीच्या दरामुळे सव्वादोन वर्षांहून जास्त फरक पडला.

याचा अर्थ विजेची गाडी वाईट असा अजिबात नाही. ज्यांच्या छपरावर सौर पॅनेल आहे, त्यांचं गणित पूर्ण वेगळं होईल. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. रोजचे १०० किमी या गाड्यांना जड नाहीत. सुमारे सव्वाचौदा युनिट लागतात, घरच्या मोठ्या प्लगवर ३ किलोवॉटने पाच तासांत भरतात. मात्र त्यासाठी चांगलं अर्थिंग, वेगळी वायर आणि रात्रभर टिकणारी वीज हवी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि सकाळी पाळी असते. वीज घेण्याआधी पुरेसा मंजूर भार आहे का आणि वेगळ्या मीटरने काय दर पडेल, हे आपल्या महावितरणच्या शाखेत विचारून घ्या.

डिझेलचा हिशेब : जुन्या सवयीने आपण म्हणतो, 'रनिंग जास्त आहे, डिझेल घ्या.' हे दहा वर्षांपूर्वी बरोबर होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले. डिझेलचा धूर स्वच्छ करणारी यंत्रणा महाग असल्याने छोट्या डिझेल गाड्या परवडेनाशा झाल्या. मारुतीने डिझेल बंदच केलं. नव्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्याची ती तुंबते. आम्हाला महामार्ग असल्याने ती अडचण नव्हती, पण आमच्या बजेटमध्ये डिझेल गाडीच मिळेना. डिझेलवर महाराष्ट्रात वाहन करही सर्वात जास्त आहे, सीएनजीवर पेट्रोलपेक्षा कमी.

पायरी ४ : मायलेजचा आकडा कुठून येतो?

जाहिरातीतलं मायलेज खोटं नसतं, पण ते आपलंही नसतं. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करून ठरावीक वेगांच्या वेळापत्रकाने चालवतात आणि इंधन मोजतात. यासाठी नावाजलेली एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. तिथे चाकणची कोंडी नाही, खड्डा नाही, एसी नाही, गाडीत चार माणसं नाहीत. त्यामुळे तो आकडा दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला वापरा, घरखर्चाचा हिशेब करायला नको.

आपलं मायलेज काढायची खात्रीची रीत : टाकी फुल्ल करा, पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत. किलोमीटर लिहा. काही दिवस चालवा. त्याच पंपावर पुन्हा तसंच फुल्ल करा. समजा ५६७ किमी झाले आणि ३१.५ लीटर बसलं, तर ५६७ भागिले ३१.५ बरोबर १८. गाडीच्या डिस्प्लेवर येणाऱ्या आकड्यापेक्षा हा जास्त खरा.

आता गणिताच्या शिक्षकांसाठी एक खास प्रश्न. जाताना ५० किमी मोकळ्या रस्त्याला २४ चं मायलेज मिळालं, येताना ५० किमी कोंडीत १२ चं. सरासरी किती? बहुतेक जण १८ म्हणतात. आता इंधन मोजा : जाताना २.०८ लीटर, येताना ४.१७ लीटर, एकूण ६.२५ लीटर. १०० भागिले ६.२५ म्हणजे १६. कोंडीत गेलेलं इंधन सरासरीला आपल्याला वाटतं त्याहून जास्त खाली ओढतं. म्हणून वाटेत कोंडी किती, हा प्रश्न पहिल्या पायरीत होता.

पायरी ५ : ज्याची वसुली मोजता येत नाही

इथपर्यंत सगळं रुपयांत होतं. पण आमचा प्रश्न सुरू झाला तो उसाच्या ट्रॉलीपासून, पेट्रोलच्या भावापासून नाही. हिशेबाच्या नादात मीच हे विसरले होते. शोरूममध्ये आम्ही ४०,००० रुपये वाचवण्यासाठी कमी एअरबॅगचं खालचं मॉडेल निवडलं होतं. मिस्टर म्हणाले, "ठीक आहे, मी सांभाळून चालवतो." मला एकदम त्या सकाळचा चहा आठवला. सांभाळूनच तर चालवत होते ना!

म्हणून या गोष्टी हिशेबाच्या बाहेर ठेवा, त्यावर घासाघीस करू नका.

- एबीएस : जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहतं. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीचं आहे. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर आहे का ते बघाच.
- एअरबॅग : किती आहेत आणि कुठे आहेत ते विचारा. पट्टा लावलेला असेल तरच एअरबॅग नीट काम करते. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचाच.
- क्रॅश टेस्टचे तारे : भारत एनकॅप ही आपल्या देशाची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगळे असतात. पालकांनी दोन्ही बघावेत. गुण ज्या मॉडेलला मिळाले तेच आपण घेतोय का, हेही तपासावं.
- हेडलाइट : गाडी शक्यतो रात्रीसुद्धा चालवून बघा. दिवसा सगळे दिवे छानच दिसतात. आपल्याकडे रात्री रस्त्यात काय येईल सांगता येत नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, पावसात खड्डे, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात राहणारा बिबट्या तर सगळ्यांना माहीतच आहे.
- टायर : टायरवर चार अंकी आकडा असतो. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी टायर फार जुना झाला की रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

चाळीस हजार रुपये आठ वर्षांत विभागले तर महिन्याला साधारण ४१७ रुपये होतात. आम्ही वरचं मॉडेल घेतलं.

पायरी ६ : जुनी गाडी घेत असाल तर

आम्ही जुन्याही पाहिल्या. एका विक्रेत्याने ४८,००० किमी चाललेली गाडी दाखवली. चकचकीत. पण ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. बॉनेट उघडल्यावर कोपऱ्यात ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर सापडलं, त्यावर ७१,००० किमी लिहिलं होतं! आकडा मागे फिरवणाऱ्याला स्टिकर काढायचं राहून गेलं. तेव्हापासून आम्ही आकड्यावर नाही, खुणांवर विश्वास ठेवायला लागलो.

- सर्व्हिसच्या नोंदी मागा आणि तारीख-किलोमीटर एका ओळीत लावून बघा. आकडा कुठे कमी होतोय का?
- एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा तपासा. दंडाच्या पावत्याही बघा.
- सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते.
- पेट्रोल गाडी २०२३ च्या आधीची असेल तर ई-२० इंधन तिला चालतं का ते विचारा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एकतृतीयांश कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतं.
- आपला ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या आणि त्याला त्याची मजुरी द्या. फुकटचा सल्ला महाग पडतो.

पायरी ७ : पैसे

सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्या याद्या आणि जुने व्हिडिओ बघून किमती धरू नका. एक्स-शोरूम किमतीवर वाहन कर, विमा, नोंदणी वाढतं. 'ऑन रोड' किंमत लेखी घ्या आणि त्यातली प्रत्येक ओळ वाचा.

कर्जाचं उदाहरण बघू. ६ लाख रुपये, ९ टक्के, ५ वर्षं. घटत्या शिलकेवर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये, एकूण व्याज सुमारे १,४७,३०० रुपये. तेच ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ९,६५३ रुपये. हलका वाटतो ना? पण व्याज २,१०,९०० रुपये होतं. आता तेच ९ टक्के कोणी 'फ्लॅट' म्हणून सांगितले तर ५ वर्षांचं व्याज थेट २,७०,००० रुपये आणि हप्ता १४,५००. टक्के तेच, पण पहिल्यात फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज लागतं आणि दुसऱ्यात फेडलेल्या मुद्दलावरही. सरळव्याजाचा धडा शिकवताना मी हे उदाहरण आता नक्की घेणार आहे. 'टक्के किती' याच्या आधी 'कशाचे टक्के' हे विचारायला मुलांनी शिकलं पाहिजे.

जुनी गाडी देताना दोन गोष्टी विसरू नका. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन नव्या गाडीला लावा. दुसरं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली म्हणजे काम संपलं असं नाही. समोरच्याने आरटीओत नाव बदलेपर्यंत कागदोपत्री मालक तुम्हीच. नाव बदलल्याचा पुरावा हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. गाडी अगदीच संपली असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे.

शेवटी

आम्ही छोटी, नवी, कंपनीनेच सीएनजी बसवलेली गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मग वरचं सगळं सोडून तेवढंच लक्षात राहतं! पहिल्या दोन महिन्यांत मायलेज २५ धरलं होतं, २४ च्या जवळ आलं. रांगेत कंटाळा येतो, डिकीत पिशवीच बसते. पण उशिराच्या रात्री फोनकडे बघत बसण्याचं माझं प्रमाण कमी झालं आहे. पूर्ण थांबलेलं नाही. रस्त्यावर ट्रॉल्या अजून तशाच आहेत. एक विनंती ऊस लावणाऱ्या पालकांना : ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा. त्याला फार पैसे लागत नाहीत.

चौथीच्या वर्गात मी मुलांना एक काम दिलं. घरातल्या दुचाकीचं आठवडाभराचं अंतर आणि पेट्रोल लिहून आणायचं आणि दर किलोमीटरचा खर्च काढायचा. एका मुलीने आणखी एक रकाना स्वतःच आखून आणला : 'बाबा कुठे गेले'. तिच्या लक्षात आलं की एका आठवड्यात बाबा दूध घालायला जितके किलोमीटर गेले, त्याहून जास्त मंचरला नुसते 'कामाशिवाय' गेले. तिच्या घरी त्या संध्याकाळी काय चर्चा झाली असेल, ते तुम्हीच ठरवा!

तुमच्या वर्गातही हा प्रयोग करून बघा. आणि घरात गाडी बदलायचा विषय निघाला तर वही-पेन मुलांच्या हातात द्या. भागाकार त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो.